कोन नेमका कुठला? : इन्व्हर्स ट्रिगच्या गणितांचा आढावा

टॅन इन्व्हर्स २ आणि टॅन इन्व्हर्स ३ यांची बेरीज किती? बारावीच्या कुठल्याही वर्गात हा प्रश्न टाकून बघा. सूत्र तोंडपाठ असतं: वर दोघांची बेरीज, खाली एक वजा दोघांचा गुणाकार. वर ५, खाली उणे ५. म्हणजे टॅन इन्व्हर्स उणे १. म्हणजे उणे ४५ अंश. त्यातला पहिला कोन सुमारे ६३.४ अंशांचा आणि दुसरा सुमारे ७१.६ अंशांचा असतो. दोन धन कोन मिळवले आणि बेरीज ऋण आली, तरी वहीत उत्तराभोवती चौकट पडते आणि पान उलटतं. खरं उत्तर १३५ अंश आहे. त्यात टॅन इन्व्हर्स १ म्हणजे ४५ अंश मिळवले की बरोबर १८० होतात. इतकी देखणी बेरीज आहे ही, आणि सूत्राची अट न पाहिल्यामुळे ती हातातून निसटते. दोन्ही संख्या धन असून त्यांचा गुणाकार एकपेक्षा मोठा असेल तर सूत्राच्या उत्तरात १८० अंश मिळवायचे असतात.

बारावीच्या गणितात इन्व्हर्स ट्रिग एका धड्यापुरतं थांबत नाही. राज्य मंडळाच्या पुस्तकात ते पहिल्या भागात त्रिकोणमितीय फलांच्या धड्याच्या शेवटी येतं. दुसऱ्या भागात मग डिफरन्सिएशन, डेरिव्हेटिव्हचे उपयोग, इनडेफिनिट आणि डेफिनिट इंटिग्रेशन, डिफरन्शियल इक्वेशन असं जवळजवळ प्रत्येक धड्यात पुन्हा भेटतं. त्यामुळे सुरुवातीला राहिलेली कच्ची जागा वर्षभर नडते. या साऱ्या पसाऱ्याकडे एकत्र बघितल्यावर माझं ठाम मत असं झालं आहे की इथल्या बहुतेक चुका सूत्र न आठवल्यामुळे होतच नाहीत. कोन नेमका कुठल्या पट्ट्यात आहे हे न विचारल्यामुळे त्या होतात.

अंबाजोगाईत या विषयाचं वजन जास्त आहे. स्वामी रामानंद तीर्थांनी इथल्या योगेश्वरी विद्यालयात शिकवलं, आणि त्यांच्याच नावाचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गावात उभं राहिलं. केज, धारूर, परळी, रेणापूरकडच्या खेड्यांतली मुलं अकरावी-बारावीला इथे खोली करून राहतात. साठेक किलोमीटरवर लातूर आहे. सराव, चाचणी आणि पुन्हा सराव या लातूर पॅटर्नच्या शिस्तीने मराठवाड्यातल्या साध्या घरांतल्या असंख्य मुलांना इंजिनिअरिंग-मेडिकलपर्यंत नेलं. त्या शिस्तीबद्दल मला आदर आहे. पण इन्व्हर्स ट्रिगच्या बाबतीत नुसती शिस्त पुरत नाही, कारण चुकीच्या रीतीचा सराव केला की चूकच पक्की होते. त्यात भाषेचा अडसर आहे. दहावीपर्यंत मराठीतून किंवा सेमी-इंग्रजीतून शिकलेल्या मुलासमोर अकरावीत ‘प्रिन्सिपल व्हॅल्यू’, ‘डोमेन’, ‘रेंज’ हे शब्द एकदम येतात. तो ते पाठ करतो, पण त्यांचा उपयोग कशासाठी हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

परीक्षांची घडणही कोनाचा पट्टा न तपासण्याच्या घाईला धार्जिणी आहे. बोर्डाचा लेखी पेपर ८० गुणांचा, तिथे पायऱ्यांना मार्क मिळतात. एमएचटी-सीईटीत गणिताचे ५० प्रश्न आणि वेळ ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला १ मिनिट ४८ सेकंद. चुकीच्या उत्तराला तिथे गुण कापत नाहीत. जेईईत मात्र चार गुणांच्या प्रश्नात चुकीला एक गुण वजा होतो, आणि तो पेपर काढणारे नेमकं याच पट्ट्यांवर बोट ठेवतात. सीईटीला चालून गेलेली सवय म्हणूनच जेईईत महागात पडते.

कोन नेमका कुठला, हा प्रश्न नवा नाही. बाराव्या शतकात तो आपल्याच मुलखात सोडवला गेला. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ चा. ‘सिद्धांतशिरोमणी’ त्यांनी शके १०७२ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी पुरा केला. आपलं गाव त्यांनी सह्य पर्वताच्या कुशीतलं विज्जडविड असं सांगितलं आहे. बरेच अभ्यासक ते चाळीसगावजवळच्या पाटणच्या परिसरात धरतात, काहींनी ते आजचं बीड असल्याचंही मांडलं आहे. हा वाद इथे सोडवायचा नाही. पण ज्यांची समाधी अंबाजोगाईत आहे त्या मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधू’ शके १११० चा, म्हणजे ‘सिद्धांतशिरोमणी’नंतर अवघ्या ३८ वर्षांनी लिहिलेला आहे, हे ध्यानात घेतलं की तो काळ आपल्याला जवळचा वाटतो.

‘लीलावती’त भास्कराचार्य दोन रीती शेजारी-शेजारी देतात: चापावरून जीवा काढायची आणि जीवेवरून चाप काढायचा. दुसरी रीत म्हणजे आजचं साइन इन्व्हर्सच. ती हाताने करून पाहण्यासारखी आहे. २४० व्यासाचं वर्तुळ घ्या आणि परिघाचे १८ सारखे भाग कल्पा. जीवा १२० असेल तर चाप किती भागांचा? रीत अशी: जीवेचा चौथा हिस्सा ३०, त्याची पाचपट १५०, तिला परिघाच्या वर्गाने म्हणजे ३२४ ने गुणा, आणि व्यासाच्या चौपटीत जीवा मिळवून, म्हणजे ९६० अधिक १२०, १०८० ने भागा. भागाकार येतो ४५. परिघाच्या वर्गाचा चौथा हिस्सा ८१, त्यातून ४५ गेले, राहिले ३६, वर्गमूळ ६. अर्धा परिघ ९, त्यातून ६ वजा, उत्तर ३. अठरापैकी तीन भाग म्हणजे ६० अंश, आणि १२० त्रिज्येच्या वर्तुळात १२० ची जीवा ६० अंशांचीच असते. ही रीत सर्वत्र तंतोतंत नाही, ती जवळच्या किमतीची आहे. पण इथे उत्तर नेमकं येतं.

आता शेवटची पायरी पुन्हा पाहा. नऊमधून सहा वजा केले, मिळवले का नाहीत? मिळवले असते तर १५ भाग, म्हणजे ३०० अंश आले असते, आणि त्या मोठ्या चापाचीही जीवा हीच १२० ची आहे. एका जीवेला दोन चाप असतात. भास्कराचार्यांच्या रीतीत वजाबाकी सांगून लहान चाप निवडलेला आहे. पाठ्यपुस्तकातली प्रिन्सिपल व्हॅल्यू म्हणजे हीच निवड. ती मुलांना वरून लादलेला नियम वाटते, पण निवड केल्याशिवाय उलटा प्रश्न सुटतच नाही.

कॅल्क्युलसचा धागाही तिथूनच निघतो. ग्रहाची तात्कालिक गती काढताना भास्कराचार्य ज्येतला सूक्ष्म बदल कोटिज्येच्या प्रमाणात असतो हे वापरतात. आजच्या भाषेत साइनचा डेरिव्हेटिव्ह कॉस. पुढे केरळात नीलकंठ सोमयाजींनी १५०१ च्या सुमाराच्या ‘तंत्रसंग्रहा’त ग्रहाच्या गतीसाठी जो नियम दिला, त्यात साइन इन्व्हर्सचा डेरिव्हेटिव्ह दडलेला आहे. एखाद्या स्थिरांकाने गुणलेल्या साइनचा साइन इन्व्हर्स घ्यायचा आणि त्याचा बदलण्याचा वेग काढायचा: अंशात स्थिरांक गुणिले कॉस, छेदात एक वजा स्थिरांकाचा वर्ग गुणिले साइनचा वर्ग यांचं वर्गमूळ. बारावीच्या चेन रूलच्या स्वाध्यायात हे उदाहरण आज जसंच्या तसं बसेल. आयआयटी मुंबईचे के. रामसुब्रमणियन आणि त्यांचे सहकारी एम. डी. श्रीनिवास यांनी या परंपरेवर सविस्तर लिहिलं आहे. आपल्या कॉलेजांच्या ग्रंथालयांत ते लेखन असायला हवं.

आता आजच्या गणिताकडे येऊ. या लेखात अज्ञात संख्येला क्ष म्हणू आणि कोनाला य. य म्हणजे क्षचा साइन इन्व्हर्स, तेव्हा क्ष म्हणजे साइन य. दोन्ही बाजूंचा डेरिव्हेटिव्ह घेतला की १ = कॉस य × यचा डेरिव्हेटिव्ह. म्हणून उत्तर १/कॉस य. कॉस यला √(१ − क्ष²) लिहायचं, पण वर्गमूळाला अधिक आणि उणे अशी दोन चिन्हं असतात. अधिकच का घेतलं? कारण साइन इन्व्हर्सची रेंज उणे ९० ते ९० अंश ठरवली आहे आणि त्या पट्ट्यात कॉस ऋण होत नाही. ही ओळ वर्गात बहुधा बोललीच जात नाही, आणि पुढच्या निम्म्या चुका इथेच पेरल्या जातात.

टॅन इन्व्हर्सचं तसं नाही. त्याचा डेरिव्हेटिव्ह १/(१ + क्ष²). वाटेत सेकचा वर्ग येतो, वर्गमूळ कुठेच काढावं लागत नाही, त्यामुळे चिन्हाचा प्रश्न उपटत नाही. टॅन दर १८० अंशांनी पुन्हा तोच होत असल्याने पट्टा बदलला तरी उत्तरात फक्त १८० चा स्थिरांक वाढतो किंवा घटतो, आणि स्थिरांकाचा डेरिव्हेटिव्ह शून्य. म्हणून टॅन इन्व्हर्सच्या गणितात पट्ट्याकडे दुर्लक्ष केलं तरी डेरिव्हेटिव्ह बहुतेक वेळा बरोबर येतो. मुलांना मग वाटतं की सगळीकडे तसंच चालतं.

याचा सगळ्यात चांगला दाखला म्हणजे तीन सख्खी वाटणारी उदाहरणं. पहिलं, साइन इन्व्हर्स २क्ष/(१ + क्ष²). दुसरं, कॉस इन्व्हर्स (१ − क्ष²)/(१ + क्ष²). तिसरं, टॅन इन्व्हर्स २क्ष/(१ − क्ष²). तिन्ही ठिकाणी क्ष = टॅन थीटा ठेवायचं, आत साइन, कॉस किंवा टॅन दोन थीटा येतं, बाहेरचं इन्व्हर्स त्याला खाऊन टाकतं, उरतं दोन थीटा, म्हणजे दोन टॅन इन्व्हर्स क्ष. डेरिव्हेटिव्ह तिन्हींचा २/(१ + क्ष²). गाईडांत आणि प्रश्नसंचांत ही उदाहरणं अनेकदा कुठलीही अट न घालता छापलेली असतात, आणि उत्तरंही हीच.

पहिल्या उदाहरणात क्षला √३ ही किंमत देऊन बघा. थीटा ६० अंश, दोन थीटा १२० अंश. पण साइन इन्व्हर्स १२० अंश कधीच देणार नाही. √३/२ चा साइन इन्व्हर्स ६० अंशच. आता क्ष शून्यापासून वाढवत नेला तर काय होतं ते पाहा. क्ष १ झाला की २क्ष/(१ + क्ष²) ची किंमत १ होते आणि फल ९० अंशांवर पोचतं. त्यापुढे क्ष वाढला की हा अपूर्णांक पुन्हा घटू लागतो आणि त्याच्यासोबत कोनही उतरतो. उतरणाऱ्या आलेखाचा चढ धन कसा असेल? क्ष १ पेक्षा मोठा किंवा उणे १ पेक्षा लहान असेल तर डेरिव्हेटिव्ह उणे २/(१ + क्ष²) आहे. क्ष = १ ला डावीकडून चढ १ आणि उजवीकडून उणे १. आलेखाला तिथे टोक आहे, आणि टोकावर डेरिव्हेटिव्ह नसतो.

दुसऱ्या उदाहरणात हे टोक एकवर नसून शून्यावर असतं. क्ष ऋण झाला की दोन थीटाही ऋण होतो, पण कॉस इन्व्हर्स ऋण कोन देत नाही. म्हणून फल शून्याच्या दोन्ही बाजूंना सारखंच आणि डावीकडे डेरिव्हेटिव्ह ऋण. तिसऱ्यात चिन्ह कुठेच बदलत नाही, २/(१ + क्ष²) सर्वत्र बरोबर. फक्त क्ष १ किंवा उणे १ असताना छेद शून्य होऊन फलच नाहीसं होतं आणि आलेख १८० अंशांनी खाली उडी घेतो. एकाच ठेवणीची तीन गणितं, आणि एकाला दोन टोकं, एकाला एक टोक, एकाला दोन तुटलेल्या जागा. एका तासात हे तीन आलेख फळ्यावर एकाखाली एक काढले तर वर्षभराची बेगमी होते. वेळ कमी असेल तर मी बाकीचा निम्मा स्वाध्याय गाळीन, पण हे तीन आलेख गाळणार नाही.

डेरिव्हेटिव्हच्या बाकीच्या प्रकारांवर रेंगाळायचं कारण नाही. आत कॉस आणि साइनचे अपूर्णांक असले की ते आधी लहान करून घ्यायचे. कॉस वजा साइन भागिले कॉस अधिक साइन म्हणजे ४५ अंश वजा क्षचा टॅन; त्याच्या टॅन इन्व्हर्सचा डेरिव्हेटिव्ह उणे १. कॉस भागिले एक अधिक साइन असेल तर उणे अर्धा. ही सगळी टॅनची, म्हणजे माफ करणारी गणितं. सेक इन्व्हर्स तितकं माफ करत नाही. त्याच्या डेरिव्हेटिव्हच्या छेदात क्षची निरपेक्ष किंमत येते, कारण आपल्या पुस्तकांत त्याची रेंज शून्य ते १८० अंश, मधले ९० सोडून, अशी धरली आहे. काही परदेशी पुस्तकं ऋण क्षसाठी तिसऱ्या चरणातला कोन घेतात आणि मग निरपेक्ष किंमत लागत नाही. कॉट इन्व्हर्सची रेंजही काही संगणक प्रणालींत आपल्यापेक्षा वेगळी असते. मोबाइलवर उत्तर ताडून पाहणाऱ्या मुलाला हे माहीत हवं, नाहीतर बरोबर उत्तर तो खोडून टाकतो.

आणि हे सगळं रेडियनमध्ये, बरं का. मी वर समजायला सोपं म्हणून अंश वापरले, पण डेरिव्हेटिव्हची ही सूत्रं रेडियनमध्येच खरी आहेत. १/(१ + क्ष²) चं शून्य ते एक इंटिग्रेशन पाय/४ येतं, म्हणजे सुमारे ०.७८५. तिथे ४५ लिहिणाऱ्याने आलेख डोळ्यांपुढे आणावा: ते क्षेत्र एक बाय एकच्या चौकोनात मावतं, मग ४५ कसं होईल?

इंटिग्रेशनमध्ये इन्व्हर्स ट्रिग दोन बाजूंनी येतं. कधी ते प्रश्नात असतं, कधी उत्तरात. प्रश्नात असेल तर बाय पार्ट्स. पहिलं फल कुठलं घ्यायचं याचा क्रम मुलांना ठाऊक असतो आणि त्यात इन्व्हर्सचा नंबर वरचा लागतो. एकटं टॅन इन्व्हर्स क्ष आलं की शेजारी १ आहे असं समजायचं, उत्तर क्ष टॅन इन्व्हर्स क्ष वजा अर्धा लॉग (१ + क्ष²). क्ष गुणिले टॅन इन्व्हर्स क्ष असेल तर एक छान युक्ती आहे. क्षचं इंटिग्रेशन क्ष²/२ न घेता (क्ष² + १)/२ घ्यावं. स्थिरांक आपल्या मर्जीचा असतो. मग पुढचा अपूर्णांक एका झटक्यात कटतो आणि उत्तर येतं (क्ष² + १)/२ गुणिले टॅन इन्व्हर्स क्ष, वजा क्ष/२. तीन ओळी वाचतात.

शून्य ते एक टॅन इन्व्हर्सचं क्षेत्र बाय पार्ट्सशिवायही निघतं, आणि मला ती वाट जास्त आवडते. एक रुंद आणि पाय/४ उंच असा आयत काढा. टॅन इन्व्हर्सची रेषा त्याचे दोन तुकडे करते. खालचा तुकडा आपल्याला हवा आहे. वरचा तुकडा बाजूने पाहिला तर शून्य ते पाय/४ पर्यंतच्या टॅनखालचं क्षेत्र आहे, आणि ते अर्धा लॉग २. म्हणून उत्तर पाय/४ वजा अर्धा लॉग २, सुमारे ०.४४. ‘इन्व्हर्स’ म्हणजे आलेख आडवा-उभा बदलून पाहणं, हे या एका आकृतीत मुलाला दिसतं.

उत्तरात इन्व्हर्स येणारी गणितं म्हणजे छेदात वर्गांची बेरीज किंवा वर्गमूळाखाली वर्गांची वजाबाकी. तिथे काम असतं ते पूर्ण वर्ग करण्याचं. क्ष² + ४क्ष + १३ म्हणजे (क्ष + २)² + ९, आणि उत्तर एक तृतीयांश टॅन इन्व्हर्स (क्ष + २)/३. सरावाने हे जमतं. मुलं गोंधळतात ती पर्याय जुळवताना. १/√(२क्ष − क्ष²) चं इंटिग्रेशन एकाने साइन इन्व्हर्स (क्ष − १) आणलं, दुसऱ्याने दोन साइन इन्व्हर्स √(क्ष/२), तिसऱ्याने उणे कॉस इन्व्हर्स (क्ष − १). तिघंही बरोबर आहेत. तिन्ही उत्तरांत फरक आहे तो पाय/२ च्या पटीतल्या स्थिरांकाचा, तो शेवटच्या ‘अधिक सी’मध्ये सामावतो. अधिक सी लिहिलं नाही म्हणून मार्क कापल्याचा राग सगळ्यांना येतो. ते सी कशाला हवं हे इथे उघड कळतं.

सगळ्यात दगाबाज जागा डेफिनिट इंटिग्रेशनची. एक गणित पुरे. शून्य ते पाय, १/(१ + कॉस² क्ष). अंश-छेदाला सेकच्या वर्गाने गुणायचं, टॅन क्ष = टी ठेवायचं, आणि येतं १/√२ गुणिले टॅन इन्व्हर्स (टॅन क्ष/√२). शून्यावर किंमत शून्य, पायवर किंमत शून्य, वजाबाकी शून्य. पण जे फल सगळीकडे अर्धा ते एक यांच्या दरम्यान आहे, त्याच्याखालचं क्षेत्र शून्य कसं असेल? गोम अशी की पाय/२ ला टॅन फुटतो आणि आपलं टॅन इन्व्हर्स तिथे उडी मारतं. शून्य ते पाय/२ वेगळं करा, दुप्पट करा, उत्तर पाय/√२ येतं, सुमारे २.२२. उत्तर काढण्याआधी अंदाज बांधण्याची सवय असती तर शून्य लिहिताना हात थांबला असता. अर्धा गुणिले पाय म्हणजे १.५७ पेक्षा उत्तर कमी येऊच शकत नव्हतं.

याच घराण्यातलं एक इंटिग्रेशन प्रत्येक मराठी शाळेत सांगावं असं आहे. पाय म्हणजे २२/७ असं आपण लहानपणापासून लिहितो. क्ष⁴(१ − क्ष)⁴/(१ + क्ष²) याचं शून्य ते एक इंटिग्रेशन केलं तर भागाकारानंतर शेवटी टॅन इन्व्हर्स उरतं आणि उत्तर येतं २२/७ वजा पाय. आतलं फल शून्य ते एकच्या दरम्यान धन, म्हणजे क्षेत्र धन, म्हणजे २२/७ हा पायपेक्षा मोठा. डी. पी. डॅल्झेल यांनी १९४४ मध्ये हे मांडलं. बारावीच्या मुलाला दोन पानांत ते पुरं करता येतं, आणि पायची किंमत हा केवळ मानायचा आकडा राहत नाही.

पायचा हिशेब आणि टॅन इन्व्हर्स यांचं नातं तर त्याहून जुनं. संगमग्रामच्या माधवांनी चौदाव्या शतकात टॅन इन्व्हर्सची श्रेणी दिली: क्ष − क्ष³/३ + क्ष⁵/५, अशी पुढे. क्ष = १ घेतला तर पाय/४ मिळतो, पण श्रेणी फार हळू पुढे सरकते. म्हणून त्यांनी १/√३ घेतला आणि पायची किंमत दशांशाच्या अकरा स्थळांपर्यंत नेली. युरोपात जेम्स ग्रेगरींनी ही श्रेणी १६७१ मध्ये पुन्हा शोधली. १७०६ मध्ये जॉन मॅचिन यांनी चार टॅन इन्व्हर्स १/५ वजा टॅन इन्व्हर्स १/२३९ म्हणजे पाय/४ हे सूत्र वापरून पायचे शंभर अंक काढले. सीईटीत येणारी ‘टॅन इन्व्हर्सची बेरीज करा’ छापाची गणितं याच कुळातली. १/(१ + न + न²) चा टॅन इन्व्हर्स म्हणजे टॅन इन्व्हर्स (न + १) वजा टॅन इन्व्हर्स न. मधल्या साऱ्या संख्या कटत जातात, आणि एकपासून अनंतापर्यंतची बेरीज पाय/४ येते.

उपयोगाच्या धड्यात एक जुना, सुरेख प्रश्न हवा. १४७१ मध्ये जर्मन गणिती रेजिओमोंटानस यांनी तो विचारला होता. आपण तो बसस्थानकासमोरच्या होर्डिंगवर घेऊ. होर्डिंगची खालची कड डोळ्यांच्या २ मीटर वर, वरची कड ८ मीटर वर. किती दूर उभं राहिलं तर ते सगळ्यात मोठं दिसेल? जवळ गेलं तर मान वर करावी लागते आणि चित्र चिंबून जातं, लांब गेलं तर लहान होतं. दिसणारा कोन म्हणजे टॅन इन्व्हर्स ८/क्ष वजा टॅन इन्व्हर्स २/क्ष. डेरिव्हेटिव्ह शून्य धरला की क्ष² = १६, अंतर ४ मीटर. तेव्हाचा कोन टॅन इन्व्हर्स २ वजा टॅन इन्व्हर्स १/२, म्हणजे टॅन इन्व्हर्स ३/४, सुमारे ३६.९ अंश: ३-४-५ च्या त्रिकोणातला कोन. मुलांना दोरी आणि कोनमापक घेऊन मैदानावर पाठवलं तर हा प्रश्न खरा वाटतो.

मग करायचं काय? एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बाळशास्त्री जांभेकरांनी कॅल्क्युलस मराठीत ‘शून्यलब्धी’ या नावाने आणायला घेतलं. आज शब्द इंग्रजी राहिले तरी हरकत नाही, समजावणं मराठीतून व्हावं. ‘प्रिन्सिपल व्हॅल्यू’ म्हणताना ‘दोन कोनांपैकी आपण कुठला उचलला आणि का’ हे शिक्षकाने मराठीत सांगितलं की मुलाच्या डोक्यात ते बसतं. सूत्रांचा तक्ता भिंतीवर असावा, पण त्याच तक्त्यावर प्रत्येक सूत्राच्या शेजारी त्याची अट तेवढ्याच ठळक अक्षरांत असावी. गणित सोडवताना पहिली ओळ सूत्राची नको, ‘क्ष इथून इथपर्यंत, म्हणून थीटा इथून इथपर्यंत’ अशी हवी. त्याला दहा सेकंद लागतात. एक मिनिट ४८ सेकंदांत ते परवडतं.

क्लासवाल्यांना आणि पेपर काढणाऱ्या प्राध्यापकांना माझी एक विनंती आहे. साइन इन्व्हर्स २क्ष/(१ + क्ष²) हा प्रश्न विचारायचाच, तर अट घालून विचारा. आणि पुढच्या चाचणीत तोच प्रश्न ‘क्ष एकपेक्षा मोठा असेल तर?’ असा फिरवून विचारा. त्यातल्या एका गुणावर फक्त कोनाच्या पट्ट्याची ओळ तपासा. येत्या सराव परीक्षेपासून हे सुरू करता येईल, त्यासाठी नवा अभ्यासक्रम लागत नाही.